रोग बरा वाटला म्हणजे जंतू संपले का?

विद्यार्थी मित्रहो, शास्त्राच्या पुस्तकात रोगजंतूंची हकीकत आपण साधारणपणे अशी वाचतो : जंतू शरीरात शिरतात, त्यांची संख्या झपाट्याने वाढते, माणूस आजारी पडतो, मग औषध दिले की जंतू मरतात आणि माणूस बरा होतो. ही हकीकत सोपी आहे, परीक्षेत लिहायलाही सोयीची आहे. पण क्षयासारख्या चिवट रोगाच्या बाबतीत ती अपुरी आहे. इतकेच नव्हे, तर ती तेवढीच मनात पक्की बसल्यामुळे पुष्कळ रोगी आपले नुकसान करून घेतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षयाचे औषध सुरू झाले की बहुतेक रोग्यांचा ताप काही आठवड्यांत उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागू लागते. पुस्तकातल्या हकीकतीप्रमाणे पाहिले तर रोग गेला! मग आणखी चार-पाच महिने रोज गोळ्या कशासाठी? हा प्रश्न मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. 'डॉक्टरांनी सांगितले म्हणून' एवढेच त्याचे उत्तर रोग्याला मिळत असेल, तर ते पुरेसे नाही. खरे उत्तर जंतूंच्या राहणीत दडलेले आहे.

रॉबर्ट कॉक या जर्मन शास्त्रज्ञाने 24 मार्च 1882 रोजी क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. हा जंतू मोठा संथ आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जंतू सर्व सोयी मिळाल्या तर सुमारे 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयजंतूला त्यासाठी जवळजवळ 20 तास लागतात. त्याच्याभोवती मेणासारख्या पदार्थाचे जाड आवरण असते. तो फुप्फुसात शिरला की आपल्या रक्षक पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेल्या जंतूची पिशवी आणि पाचक रसांची पिशवी एकमेकींत मिसळतात व जंतूचा निकाल लागतो. क्षयजंतू मात्र नेमके हे मिसळणेच रोखून धरतो. म्हणजे तो गिळला जातो, पण पचत नाही!

मग शरीर दुसरा उपाय करते. अनेक पेशी जमून जंतूंभोवती एक गाठ तयार करतात आणि त्यांना आत कोंडून ठेवतात. तेथे प्राणवायू कमी, अन्नही कमी. अशा वेळी जंतू आपले सर्व व्यवहार मंद करतो, वाढ जवळजवळ थांबवतो आणि वाट पाहत राहतो, कधी कधी वर्षानुवर्षे. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयजंतूंचा संसर्ग झालेला असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी शेकडा 5 ते 10 जणांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. उपासमार, मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग अशा कारणांनी प्रतिकारशक्ती खालावली, तर कोंडलेले जंतू पुन्हा उठण्याचा धोका वाढतो. 2001 मध्ये याचा एक बोलका पुरावा मिळाला. संधिवातासाठी निघालेले एक नवे औषध या गाठी टिकवणाऱ्या एका रसायनाला अडवत होते. ते घेणाऱ्या काही रोग्यांना थोड्याच आठवड्यांत क्षय झाल्याचे आढळून आले. पहारा ढिला पडला आणि आतले जंतू बाहेर पडले!

आता औषधांकडे वळू. 1944 मध्ये जोसेफ बिगर या डब्लिनच्या शास्त्रज्ञाने एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. पेनिसिलिनने पुवाचे जंतू मारताना दर दहा लाखांत एखादा जंतू जिवंत राहत होता. तो जंतू औषधाला दाद न देणाऱ्या नव्या जातीचा असेल काय? नाही. कारण त्याला पुन्हा वाढवले असता त्याची प्रजा पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मरत होती. मग तो वाचला कसा? पेनिसिलिन जंतूच्या भिंतीचे बांधकाम बिघडवते. जो जंतू त्या वेळी वाढतच नव्हता, त्याचे बांधकामच बंद होते. मग बिघडणार काय? घरी मटकी भिजत घातली की बहुतेक दाणे फुगून मऊ होतात, पण दोन-चार टणकच राहतात, हे तुम्ही पाहिले असेल. तसेच हे समजा. मात्र एक फरक आहे : टणक राहिलेला जंतू पुढे जागा होतो व वाढू लागतो.

आता थोडे गणित करू. समजा, फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटी जंतू आहेत. औषधाने हजारांतले 999 मारले. रोग्याला खूपच बरे वाटेल. पण शिल्लक किती? एक लाख! आणि त्यांत सुस्त जंतूंचाच भरणा अधिक. त्यांना गाठण्यासाठी ते जागे होण्याची वाट पाहत औषध चालू ठेवावे लागते, किंवा सुस्तांवरही चालणारे औषध द्यावे लागते. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही अशी औषधे आहेत. त्यांच्यामुळेच पूर्वी दीड-दोन वर्षे चालणारा उपचार सहा महिन्यांवर आला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काही रोग्यांसाठी चार महिन्यांच्या उपचारालाही मान्यता दिली. हे आकडे कोणी मनाने ठरवलेले नाहीत. वेगवेगळ्या मुदतींचे उपचार देऊन, नंतर किती जणांचा रोग उलटतो हे मोजून ते ठरले आहेत.

यावरून 'कोणतेही औषध जितके जास्त दिवस घ्यावे तितके चांगले' असा अर्थ मात्र काढू नका. कित्येक साध्या संसर्गांना थोड्या दिवसांचे औषध पुरते, आणि विनाकारण घेतलेले प्रतिजैविक अपायच करते. मुदत ठरते ती जंतूच्या राहणीवरून.

काही जण म्हणतात, "एवढे शास्त्र सामान्य रोग्याला सांगून काय उपयोग? कोणीतरी समोर उभे राहून गोळी गिळायला लावली की झाले." आपल्या देशात 1997 पासून अशा देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि तिचा फायदाही झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण देखरेख करणारा सगळीकडे पोहोचत नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीला जाणारे कुटुंब घ्या. ते पाच-सहा महिने घरापासून दूर असते आणि क्षयाचा उपचारही नेमका तेवढाच काळ चालतो. अशा माणसाला 'ताप गेला तरी सुस्त जंतू आत आहेत' हे कळले असेल, तरच तो आपले कागद आणि गोळ्या बरोबर घेऊन निघेल. अर्थात, तो जाईल तेथे त्याला औषध मिळाले पाहिजे, ही यंत्रणेची जबाबदारी आहे. तेथे औषध नसेल, तर 'रोगी निष्काळजी आहे' असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. शेजारीपाजारी तोंड फिरवतील या भीतीने कोणी गोळ्या लपवून ठेवत असेल, तर त्या दोषात आपलाही वाटा आहे.

जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हा धडा शिकवताना फळ्यावर दोन रेषा काढाव्यात : एक रोग्याच्या त्रासाची, झटकन खाली येणारी, दुसरी जंतूंच्या संख्येची, आधी झटकन उतरून मग हळूहळू सरकत जाणारी. या दोन रेषांमधले अंतर म्हणजेच ते उरलेले महिने. आणि मित्रहो, ही आकृती वहीत उतरवून घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. घरी किंवा शेजारी कोणी "आता बरं वाटतंय, गोळ्या पुरे झाल्या" असे म्हणाले, तर त्यांना ती काढून दाखवा.