पट्टा नाही, म्हणून पाया नाही

4 डिसेंबर 2024 रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जमीन हादरली. भूकंपाचे केंद्र तेलंगणातील मुलुगु जिल्ह्यात होते, तीव्रता 5.3. आपल्याकडे मोठी हानी झाली नाही आणि चार दिवसांत विषय मागे पडला. त्याआधी 26 ऑगस्ट 2022 रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर उभेच्या उभे जमिनीत गेले. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली, पण आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसीखुर्दमधून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला आणि ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडजसारखी गावे पाण्यात गेली.

भूकंप, खाण आणि पूर ही तीन वेगळी संकटे आहेत. पण प्रत्येक वेळी आधी कोणाचे घर पडते, याचे उत्तर बहुतेक एकच असते. ज्या घराला नकाशा नाही, इंजिनिअर नाही आणि जमिनीचा कागद नाही, ते घर आधी पडते.

किल्लारीने हे 1993 साली दाखवून दिले आहे. 30 सप्टेंबरच्या पहाटे तिथे सुमारे 10 हजार माणसे गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत तो धक्का मध्यम होता. माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली.

आपल्या वस्त्यांतली घरे कशी उभी राहतात ते पाहू. आधी कुडाची किंवा मातीची भिंत आणि वर कवेलू. मजुरीतून चार पैसे शिल्लक पडले की मातीच्या जुळाईत विटांची भिंत आणि टिनाचे पत्रे. मुलगा कमावता झाला की त्याच जुन्या पायावर स्लॅब. कॉलम नाही, दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारी सलग पट्टी नाही. वरोरा, भद्रावती, राजुरा पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. आपण ती गिलाव्याने झाकतो. पुराचे पाणी घरात शिरले तर मातीची भिंत आतून भिजते आणि पाणी ओसरल्यावर, घर कोरडे होतेय असे वाटत असतानाच, खचते.

यावर नेहमीचा शेरा असतो, "लोक अडाणी आहेत, मिस्त्री कच्चा आहे." हा शेरा आम्हाला मान्य नाही. अतिक्रमणाची नोटीस कधी येईल हे ज्या कुटुंबाला ठाऊक नाही, ते पैसा कशात घालेल? पत्रे काढून नेता येतात, दार-चौकट नेता येते, पाया नेता येत नाही. म्हणून पैसा पत्र्यात जातो आणि पाया उथळ राहतो. कागद नसल्याने बँक कर्ज देत नाही. बांधकाम परवानगी मिळणारच नसते, म्हणून इंजिनिअरकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. हा त्या कुटुंबाचा रोकडा हिशेब आहे. तो बदलायचा तर जमिनीच्या हक्कापासूनच सुरुवात करावी लागेल.

शासनाचे नियमही हाच फास आवळतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. ग्रामीण भागात 269 चौरस फुटांच्या घरासाठी 1 लाख 20 हजार, डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. पण आधी स्वतःची जागा दाखवावी लागते. घर पडल्यावर आपत्ती निधीतून मदत मागायला गेले, तर घर अधिकृत असल्याचा दाखला मागतात. म्हणजे कागद नसलेल्याला पक्के घर बांधायला मदत नाही आणि कच्चे घर पडल्यावरही नाही.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न जंगलाच्या नोंदींनी आणखी अडवला आहे. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच आहेत असा निर्णय दिला. मात्र 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जागांसाठी केंद्राची मंजुरी घेण्याचा मार्ग राज्याला खुला ठेवला. ज्या वस्त्यांकडे त्या तारखेआधीचा पुरावा आहे, त्यांनी आता स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

वनहक्क कायद्याची अट तर आपल्यासाठी जास्तच कडक आहे. आदिवासी कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बौद्ध कुटुंब 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गात येते आणि त्याला त्या तारखेआधी तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्या समाजाला गावाच्या दफ्तरात जागा नव्हती, त्याच्याकडे 1930 चा पुरावा मागितला जातो. ही अट बदलण्याची मागणी करताना आदिवासी बांधवांच्या हक्काला धक्का लागता कामा नये. कोलाम आणि माडिया वस्त्यांतही घरे तशीच पडतात. ही लढाई त्यांच्यासोबतची आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? आमच्या मते तीन कामे लगेच हाती घेता येतील.

पहिले, कागद. वस्तीतल्या प्रत्येक घराची यादी करा. ग्रामपंचायतीचा नमुना 8, घरटॅक्सच्या पावत्या, जुन्या मतदार याद्या, शाळेचे दाखले गोळा करा. जमीन गावठाणातली, महसूलची, झुडपी की राखीव जंगलातली, हे तलाठ्याकडून लेखी घ्या. 1 जानेवारी 2011 पूर्वीची शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आहे, पण ते वनजमिनीला लागू नाही. म्हणून प्रत्येक प्रकारासाठी अर्ज वेगळा लागेल. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला 1 लाखापर्यंत मदत आहे.

दुसरे, भिंत. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि गडचिरोलीचे तंत्रनिकेतन इथे आपली मुले सिव्हिल शिकतात. त्यांनी पावसाळ्याआधी एक रविवार वस्तीत द्यावा. भेगेवर प्लास्टरची छोटी टिकली लावून तारीख लिहा. टिकली तडकली तर भिंत अजून हलते आहे. मातीच्या जुळाईच्या भिंतीवर स्लॅब टाकू देऊ नका. जोते पुराच्या खुणेपेक्षा उंच घ्या. नव्या कामाला किमान दहा दिवस नीट पाणी मारा. खाणपट्ट्यात घराखाली जुने खोदकाम आहे का, याचा नकाशा ग्रामसभेत लेखी मागा.

तिसरे, घरकुल. रक्कम हप्त्यांनी येते आणि हप्ता लांबला की काम जोत्यावर अडते, पावसात लोखंड गंजते. घरकुलाला 5 ब्रास रेती मोफत देण्याचे धोरण आहे. ती प्रत्यक्ष किती घरांना मिळाली, हे ग्रामसभेत विचारा.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांतून लोक दीक्षाभूमीवर येतात, गावागावांचे कार्यकर्ते एकमेकांना भेटतात. येत्या 16 ऑक्टोबरला प्रत्येक वस्तीने आपल्या घरांची यादी सोबत आणावी. दोन जिल्ह्यांच्या याद्या एकत्र झाल्या, तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायला आपल्याकडे एकेकट्याच्या अर्जापेक्षा भक्कम काहीतरी असेल.

जय भीम.