कुंपण घाला, पण जपून
रानडुकरांमुळे उसाला तार ओढणे भागच पडते. पण पैसा जातो तारेवर आणि कुंपण ढिले पडते कोपऱ्यात, असे आम्ही बांधोबांधी पाहतो. सगळा ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो. तो अडीच-तीन फूट गाडा, दोन्हीकडून तिरके टेके द्या. डुक्कर खालून मुसंडी मारते, म्हणून खालच्या तारा जवळजवळ घ्या. वर अंतर वाढले तरी चालेल.

आणि हात जोडून सांगणे, लाईनचा करंट तारेत सोडू नका. तो डुक्कर-माणूस ओळखत नाही. रात्री पाणी धरायला निघालेला आपलाच भाऊ असतो. झटका मशीन क्षणभरच धक्का देते. फक्त तारेला लागणारे गवत काढत राहा, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. चार उसांपायी माणूस जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

— ऊस विकास अधिकारी