रेडिओलहरी कोणाच्या मालकीच्या?

23 मे 2024 रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला. त्याआधी 26 मे 2016 रोजी याच वसाहतीने असाच स्फोट पाहिला होता. अशा वेळी नागरिकाला हवी असते ती माहिती अगदी साधी असते : धूर कोणत्या बाजूस जात आहे, कोणता रस्ता बंद आहे, खिडक्या लावून घ्याव्यात काय. ती घरोघर पोचविण्यास रेडिओइतके स्वस्त साधन दुसरे नाही. परंतु कल्याण-डोंबिवलीत रेडिओ लावावा, तर बोलते ती मुंबई! 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती 18 लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची 12 लाखांवर होती, तरीही.

फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. पुढे 1999 मध्ये सरकारने खासगी एफएम वाहिन्यांसाठी त्यांचा लिलाव मांडला. लिलावाचे गुण मीही वर्गात वर्षानुवर्षे शिकविले आहेत, म्हणून त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. बोलीत ओतलेली रक्कम जाहिरातींतून वसूल करावी लागते आणि मोठा जाहिरातदार मागतो ते सबंध महानगर. डोंबिवलीच्या फडके रोडवरील दुकानदाराने मुंबईच्या वाहिनीवर जाहिरात द्यावयाची, तर कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंतच्या श्रोत्यांचे मोल त्याने चुकवावयाचे. त्यांतले एकही गिऱ्हाईक त्याच्या दुकानाची पायरी चढणार नसते. स्थानिक जाहिरात अशी बाजाराबाहेर राहते आणि तिच्यावर जगू शकणारे स्थानिक केंद्रही.

दुसरा मार्ग नोव्हेंबर 2006 मध्ये खुला झाला. सामुदायिक रेडिओचा परवाना, लिलावाविना, नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही मिळू लागला. अट तीन वर्षांच्या कामाची. प्रक्षेपक 100 वॅटचा, पल्ला सुमारे 10 किलोमीटर. साताऱ्यातील म्हसवड येथे, जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने असे केंद्र उभे केले. दुष्काळी माण तालुक्याला जे जमले, ते येथे का जमू नये? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. सभासदांच्या बळावर शतकाहून अधिक काळ टिकलेल्या अशा संस्थांपेक्षा योग्य मालक कोण असणार? (राजकीय पक्षांना या परवान्यास मज्जाव आहे. त्यांत आपणही आलो. तो योग्यच आहे.)

खरी अडचण पुढची आहे. खासगी एफएम असो वा सामुदायिक, बातम्या द्यावयाच्या त्या आकाशवाणीच्याच. वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, आपत्ती यांविषयी स्थानिक प्रशासनाने पुरविलेली माहिती तेवढी सांगता येते. उद्या पाणी येणार नाही, हे महापालिकेने कळविले तर केंद्राने सांगावे. का येणार नाही, याचा स्वतः शोध घेऊन बातमी देण्यास त्याला मुभा नाही. स्फोटानंतर रस्ता बंद असल्याची सूचना वाचता येईल. त्या कारखान्याची शेवटची तपासणी केव्हा झाली होती, ही बातमी देता येणार नाही. वृत्तपत्राला आणि दूरचित्रवाणीला जे स्वातंत्र्य आहे, ते सर्वांत गरीब माध्यमाला नाकारण्याचे समर्थनीय कारण मला दिसत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांत 730 एफएम वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. बातम्यांवरील बंधन मात्र तसेच ठेवले.

ते उठविण्याची मागणी संसदेत व्हावयास हवी. तोवर ठाणे-कल्याणच्या संस्थांनी परवान्यासाठी अर्ज करण्यास काहीच हरकत नाही. एवढ्या छोट्या प्रक्षेपकाचे भांडवल येथील नागरी सहकारी बँकांना जड जाऊ नये.