सामाईक नौका, स्वतंत्र खाते

सिसिलीच्या उत्तरेस असलेली सातही एओलियन बेटे ज्वालामुखीतून जन्मली आहेत. सन २००० मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक वारसास्थळांत नोंद केली. या बेटांभोवती कॅटमरानने, म्हणजे जुळ्या तळांच्या शिडाच्या नौकेने, फिरता येते. एकेक खोली स्वतंत्रपणे भाड्याने मिळते, त्यामुळे सहप्रवासी अपरिचित असतात आणि स्वयंपाकघर मात्र एकच.

भाड्यात बहुधा नौका व कप्तान एवढेच येते. डिझेल, बंदरशुल्क, किराणा आणि कप्तानाचे जेवण सामाईक वर्गणीतून भागते. व्यापारी कुटुंबांना यातील मेख सांगावयास नको. त्याच वर्गणीतून मासळी व मद्य येत असेल, तर प्रश्न चार युरोंचा राहत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा होतो. म्हणून नौकेचा खर्च व अन्नखर्च यांची खाती वेगळी ठेवण्याची अट आरक्षणापूर्वीच लेखी मान्य करून घ्यावी. बंदर सोडल्यावर केलेली घासाघीस सर्वांचीच सहल कडू करते. तवा, पातेले आणि पाणी गाळण्याचे वस्त्र घरूनच न्यावे.

रात्रिभोजनत्यागाची अडचण मात्र वाटते तेवढी नाही. जुलैत तेथे सूर्य आठनंतर मावळतो. ९२४ मीटर उंचीच्या स्ट्रॉम्बोलीतून तासाला अनेकदा उसळणारा लाव्हा अंधारातच खुलून दिसतो. त्या वेळी नौका किनाऱ्यापासून दूर थांबतात. इतरांची ताटे तेव्हा कुठे वाढली जात असतात. चौविहार करणाऱ्यांचे भोजन केव्हाच आटोपलेले असते.