तिच्या माहेरचं कोण?



मागच्या आठवड्यात मंदिरातून परतताना आपल्यातल्याच एका ताईंनी मला रस्त्यात थांबवलं. मुलगा कॅनडात आहे, तिथलीच मुलगी पसंत केली आहे, आणि लग्न मात्र इथे बुटीबोरीतच करायचं म्हणतो. मला वाटलं, ताई आता डोळ्यांना पदर लावतील. पण त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या पुतण्याचं तसंच झालं ना? मग सांगा, आधी काय काय बघून घ्यायचं? कांदा-लसूण सोडेल का ती? चौविहार जमेल?"

मी उभ्या-उभ्या काहीतरी उत्तर दिलं. ते अर्धवट होतं, म्हणून आज लिहायला बसले.

माझ्या पुतण्याची बायको फिनलंडची. लग्नाला चार वर्षं झाली. तेव्हा आम्ही जावा-जावांनी मिळून अशीच यादी केली होती. आता ती यादी आठवली की हसू येतं, कारण आम्हाला जे अवघड वाटलं होतं ते तिने सहज केलं. पाणी गाळून घ्यायचं कारण एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. बटाटा मात्र जड गेला. तिच्याकडे बटाटा म्हणजे आपल्याकडची पोळी, रोजचाच. आणि चौविहाराचं ऐकून तिने विचारलं, "काकू, सूर्यास्त कुठला धरायचा? जूनमध्ये आमच्याकडे सूर्य रात्री पावणेअकराला मावळतो. आणि डिसेंबरात दुपारी सव्वातीनला." माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं, ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावचा सूर्य. इथे ती आमच्याबरोबर दिवस असतानाच जेवते. माहेरी गेली की काय करते, मी विचारत नाही.

तर यादी निभावली. जे निभावलं नाही ते यादीत नव्हतंच.

लग्न नागपूरला झालं. तिच्याकडून दोघीच आल्या होत्या, आई आणि एक मैत्रीण. वडील नाहीत, भाऊ नाही. आमच्याकडची अडीचशे माणसं आणि मुलीकडच्या खुर्च्या रिकाम्या. हळदीला "मुलीकडच्या बायका या" अशी हाक गेली आणि तिची आई हातात कुंकवाची वाटी घेऊन नुसती उभी राहिली. पुढे पंडितजींनी विचारलं, "मुलीचे मामा कोण?" कोणी हललं नाही. मागे कोणीतरी हसलं. शेवटी ह्यांच्या एका मित्राला उभं केलं, त्यांनी तिला मंडपात आणलं आणि फोटो काढून झाल्यावर ते जेवायला निघून गेले. तिला त्यांचं नावही ठाऊक नाही.

मी पहिल्या रांगेत होते. उठून पलीकडे जाऊन त्या माउलीजवळ बसावं, असं मनात आलं होतं. पण मी वरपक्षाची काकू! विहिणीचा मान, नवी पैठणी, लोक काय म्हणतील. बसून राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

सहा-सात महिन्यांनी काही बोलाचाली झाली, चूक आमच्याच मुलाची होती, तेव्हा ती माझ्याकडे आली. तोवर मराठी बरंच शिकली होती. म्हणाली, "काकू, इथे बायका रुसून माहेरी जातात ना? मी कुठे जाऊ?"

आपल्या सगळ्या रीती बघा. ओटी, दिवाळसण, भाऊबीज, डोहाळजेवण, पहिलं बाळंतपण. यातली एकही माहेराशिवाय पुरी होत नाही. सासरच्या घरात सुनेची बाजू घेणारं एक घर बाहेर आहे, हे धरूनच या रीती घडल्या. मग जिचं ते घर सहा-सात हजार किलोमीटर दूर आहे, तिचं काय?

याचं एक उत्तर आपल्या मराठी माणसांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी काढलं होतं. इंदूरचे तुकोजीराव होळकर, तिसरे, गादी सोडल्यावर एका अमेरिकन मुलीच्या प्रेमात पडले. नॅन्सी मिलर, सिॲटलची, वय अवघं वीस. मार्च 1928 मध्ये नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू धर्मात घेतलं, नाव शर्मिष्ठा ठेवलं. पण धर्म मिळाला तरी जात कुठून आणायची? होळकर धनगर. तेव्हा लंभाते नावाच्या धनगर घराने तिला मुलगी म्हणून दत्तक घेतलं आणि मग नर्मदेकाठी बडवाहला लग्न लागलं. गवगवा पुष्कळ झाला, विरोधही झाला. पण ती टिकली. चार मुली झाल्या, आणि 1995 मध्ये गेली तीही इंदूरलाच.

मला यातलं सगळंच पटतं असं नाही. महाराजांच्या आधीच्या राण्या होत्या, त्यांच्या मनाचं कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. आणि महाराजांसाठी उघडलेलं दार साध्या माणसासाठी उघडलं असतं का? धनगराच्या मुलीने अमेरिकन नवरा केला असता तर? आपण तरी काय वेगळं करतो? मुलाने गोरी सून आणली की फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. मुलीने गोरा जावई केला की तिच्या आईला हळदीकुंकवाला बोलवायचं आपण "विसरतो". अशी एक आई बुटीबोरीतच आहे, आणि मीही एकदा विसरले आहे.

तरी ती दत्तक घेण्याची गोष्ट मला आवडते. हेतू जातीचा असेल, पण त्या मुलीला लग्नाआधी एक घर मिळालं.

नाव मात्र बदलायलाच हवं असं नाही. आमच्या पुतण्याने तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं तेच नाव देवनागरीत लिहिलं, तिला फार आनंद झाला. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या गेल ऑम्व्हेट मूळच्या अमेरिकन. 1976 मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं, 1983 मध्ये भारताच्या नागरिक झाल्या, 2021 मध्ये कासेगावातच गेल्या. पुस्तकांवर नाव शेवटपर्यंत गेल ऑम्व्हेटच. सासूबाई इंदुताई स्वातंत्र्यसैनिक होत्या. सून परकी म्हणून त्या घरी काही अडलं नाही.

कागदांचं तेवढं सांगते, कारण ताईंना ते माहीत नव्हतं. मुलीने आपला धर्म सोडला नसेल तर नुसते फेरे घेऊन कायद्याने लग्न होत नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्यासाठी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि नोटीस दिल्यावर पुन्हा तीस दिवस थांबावं लागतं. म्हणजे सुट्टी तशी काढायला मुलाला आत्ताच सांगा. पूर्वी 1872 च्या कायद्याखाली असं लग्न करायचं तर मी हिंदू नाही, जैन नाही, ख्रिस्ती नाही, असं लिहून द्यावं लागे. आता ते नाही. दोघंही आपापल्या देवाला धरून राहू शकतात.

काल संध्याकाळी ताईंकडे जाऊन आले. म्हटलं, लग्नात मी तुमच्याकडून नाही, मुलीकडून. हळद आमच्या घरी, तिची आई येईल ती आमच्याकडेच उतरेल, आणि मामा म्हणून माझा धाकटा भाऊ वर्ध्याहून येईल. तो एकदा उभा राहिला की दर भाऊबीजेला त्याला यावं लागेल, हे त्याला सांगून ठेवलंय. पहिली दिवाळी माझ्याकडे. रुसली तर माझ्याकडेच येईल, आणि मी तिला लगेच परत पाठवणार नाही, हेही ऐकून ठेवा.

ताई हसल्या. चहा ठेवायला उठल्या, आणि आतूनच विचारलं, "बरं, ते कांदा-लसणाचं राहिलंच की हो?"