भूत होते की नव्हते, एवढ्यावर थांबू नये

जॅक क्लेटन यांचा 'द इनोसंट्स' (१९६१) हा ब्रिटिश चित्रपट हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८) या लघुकादंबरीवर आणि तिच्या विल्यम आर्चिबाल्डकृत नाट्यरूपावर आधारलेला आहे. एका एकाकी हवेलीत दोन अनाथ मुलांना सांभाळायला आलेल्या मिस गिडन्सला (डेबोरा कर) तेथील दोन मृत नोकरांची भुते दिसू लागतात. त्यांनी मुलांना झपाटले आहे, अशी तिची खात्री होते. ही भुते शिक्षिकेच्या दडपलेल्या मनाची निर्मिती आहेत, असे प्रतिपादन एडमंड विल्सनने १९३४ साली केले. तेव्हापासून या कथेची चर्चा 'भूत खरे की भास' या प्रश्नाभोवती फिरत राहिली. शेवटी 'संदिग्धता' हा शब्द फळ्यावर लिहून तास संपतो. परभणी जिल्ह्यातल्या वाचकाने मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये, असे मला वाटते.

संदिग्धता क्लेटननेही जपली आहे, यात शंका नाही. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने खास रंगवलेले फिल्टर वापरून रुंद पडद्याच्या दोन्ही कडा काळोखात बुडवल्या. आपल्याला फार करून मिस गिडन्सला दिसते तेवढेच दिसते. पण एका प्रसंगात मृत शिक्षिकेची आकृती नाहीशी होते आणि मागे पाटीवर अश्रूचा ओला थेंब उरतो. तो भास म्हणून झटकता येत नाही.

तरीही चित्रपटातील दोन्ही आघात भुतांच्या हातून होत नाहीत, ते उपचारातून होतात. तळ्याकाठी मिस गिडन्स लहानग्या फ्लोराला 'तुला ती दिसते, कबूल कर' म्हणून भाग पाडते आणि मुलगी किंचाळत कोसळते. अखेरीस ती माइल्सकडून मृत नोकराचे नाव वदवून घेते. नाव घेतल्यावरही तो मुलगा 'कुठे आहे तो?' असेच विचारत राहतो. मग तो पडतो. तो मुक्त झाला, या समाधानात ती त्याला कुशीत घेते आणि तो मेल्याचे तिला उशिरा कळते.

'बोल, कोण आहेस तू?' हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्याकडे बाधा झालेल्याला 'झाड' म्हणतात, आणि झाड बोलते झाले की ते उतरले असे मानतात. बोलते करण्यासाठी काय काय केले जाते, हे सांगायला नको.

याच जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक खून झाले. बळी प्रामुख्याने बायका आणि मुली होत्या. तपासातून पुढे आलेला हेतू गुप्तधनाचा आणि अपत्यप्राप्तीचा होता. मिस गिडन्सला लोभ नाही, तिचे मुलांवर प्रेम आहे. हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. पण अदृश्याविषयीची निःशंक खात्री आणि त्या खात्रीची किंमत चुकवणारे मूल, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

'मानवत मर्डर्स' या २०२४ च्या मालिकेने हे प्रकरण तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकाच्या आधारे मांडले. तपासकथेत प्रेक्षक पोलिसांबरोबर चालतो. त्यामुळे अंधश्रद्धा नेहमी समोरच्या आरोपीच्या मनात राहते. क्लेटन आपल्याला त्या खात्री झालेल्या मनाच्या आत बसवतो. ते मन सुशिक्षित, सुसंस्कृत आणि मायाळू आहे.

भूतपटांनी अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप विवेकवादी मित्र घेतात. पुष्कळ चित्रपटांबाबत तो खराही आहे. परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला, आणि त्या कायद्यामागची कळकळ मला या साठ वर्षांहून जुन्या चित्रपटात आढळते. भूत आहे की नाही, यावर तो कायदा निकाल देत नाही. भुताच्या नावाखाली माणसाला काय केले जाते, ते तो पाहतो. समीक्षेनेही तेच पाहावे. वर्गात 'द इनोसंट्स' दाखवला, तर चर्चेची सुरुवात त्या पाटीवरच्या थेंबापासून न करता माइल्सच्या 'कुठे आहे तो?' या प्रश्नापासून करावी.