पाच पायांचा बैल



माझा धाकटा भाऊ दुसरीत आहे. बेंदराच्या आधी त्याने वहीच्या मागच्या पानावर बैल काढला. आमच्या तात्यांनी तो पाहिला आणि मोठ्याने हसून म्हणाले, "ह्यो कसला बैल रं? पाच पायांचा!" घरातली सगळी हसली. मीपण हसले. भाऊ म्हणाला, "त्यो पळतोय. पळताना पाय मोजाय येत न्हाईत." पण त्याचे कोणी ऐकले नाही. त्याने ते पान फाडून चुलीत घातले आणि नंतर बरेच दिवस खडू हातात धरला नाही.

दोन दिवसांनी बेंदूर आला. कुंभाराकडून मातीचे बैल आणले. त्यांचे पाय म्हणजे बोटभर खुंट्या, डोळे म्हणजे नुसते ठिपके. तरी तात्यांनी त्यांना हळदकुंकू लावले, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि हात जोडले. तेव्हा माझ्या मनात आले, मातीच्या बैलाला कोणी हसत नाही, मग भावाच्याच बैलाला आपण का हसलो? दोन्ही बैल खऱ्यासारखे नाहीत. पण दोन्ही बघितल्याबरोबर बैल म्हणून ओळखू येतात. माझे मत असे आहे की, चित्र हे गणितासारखे बरोबर की चूक म्हणून तपासू नये. काढणाऱ्याला काय दिसले, ते बघावे.

काही मोठी माणसे म्हणतात, "चित्रं काढून पोट भरतंय व्हय?" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पोटापाण्याची काळजी त्यांनाच असते. पण आमची आई उसात भांगलायला जायच्या आधी सडा घालून दारात चार ठिपक्यांची का होईना, रांगोळी काढतेच. रांगोळीने कुठे पोट भरते? आमच्या बाबांनी ट्रॉलीच्या फळीवर पेंटरकडून मोर काढून घेतला आहे. मोर नसता तर ट्रॉलीत ऊस कमी बसला असता काय? म्हणजे मोठ्या माणसांनासुद्धा कला लागते. फक्त ती तिला कला म्हणत नाहीत.

कला शहरातच असते असेही नाही. आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे थोर चित्रकार. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि परत येऊन कोल्हापुरातल्या कोटितीर्थासारख्या जवळच्याच जागा रंगवत राहिले. आपल्या मुरगूडला वेदगंगा आहे, सर पिराजीराव तलाव आहे. पण आपण तिथे पाणी किती चढले एवढेच बघून येतो. बाबूराव पेंटर हेही कोल्हापूरचेच. त्यांचे आडनाव मेस्त्री. ते नाटकांचे पडदे रंगवायचे. पुढे त्यांनी १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. १९२५ साली 'सावकारी पाश' काढून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे हाल पडद्यावर दाखवले. पडदे रंगवणाऱ्या हातांनी एवढे मोठे काम केले.

तीच गोष्ट खेळांची. गणपतीत मंडळाची पोरे देखावा करतात. सोंगी भजनात दिवसभर राबलेला माणूस रात्री तोंडाला रंग लावून उभा राहतो. आपण मात्र त्याचा पदर सुटला, मिशी निसटली की खिदळतो. आपल्या कागलचे लेखक आनंद यादव यांनी 'नटरंग' ही कादंबरी लिहिली. तिच्यावर २०१० साली चित्रपटही आला. त्यातला गुणा हा पैलवानी अंगाचा मजूर. तमाशाच्या नादापायी तो नाच्या होतो. लोक त्याची फार टिंगल करतात. पण तो मोठा होता, म्हणून टिकून राहिला. दुसरीतले पोर कसे टिकणार?

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. पोराने चित्र दाखवले तर "हे काय काढलंयस?" असे रागाने म्हणू नका. तेच शब्द मायेने विचारा आणि ते सांगेल ते ऐकून घ्या. चांगले वाटले तर खळ लावून भिंतीवर चिकटवा. गावात भजन किंवा नाटक असेल तेव्हा मोबाईल खिशात ठेवून पोराला शेजारी घेऊन बसा. याला पैसा लागत नाही. आणि मित्रांनो, आपणही दुसऱ्याच्या चित्राला हसायचे सोडू या. मीसुद्धा हसले होते, म्हणून आधी स्वतःलाच सांगते.

परवा मी भावाला नवा खडू दिला आणि म्हटले, "तुझा बैल परत काढ की." तो आधी नको म्हणाला. मग हळूच कोपऱ्यात जाऊन त्याने कागदावर बैल काढला. तो या भित्तिपत्रकाच्या खालच्या बाजूला लावला आहे. या खेपेला सहा पाय आहेत. मी विचारले तर म्हणाला, "आता लई जोरात पळतोय."

सर्वांनी बघावा. पाय मोजू नयेत.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी